झाडलेली पायरी

“अगं उत्तरा, इमारत आहे, बोर्ड आहे, पायरी झाडलेली आहे. ‘उपकेंद्र चालू’ टिक कर आणि पुढच्या गावाला नीघ!” सर्व्हेचे सुपरवायझर केदार सर फोनवर वैतागले होते.

उत्तरा खडवलीपासून सहा किलोमीटर आत, आरोग्य उपकेंद्राच्या दारात उभी होती. सरकार कुठे किती पोचलंय, हे मोजायचं तिचं काम. काल शहरातल्या कोपरला दवाखाने, चौकी, कार्यालयं नोंदवताना फॉर्मची पानं पुरली नव्हती. इथे एकच रकाना, आणि त्यावरूनही भांडण.

“सर, चार वर्षं नर्स नाहीये इथे.”

“मागच्या दोन्ही सर्व्हेत चालू आहे. तूच एकटी शहाणी? आकडे जुळले नाहीत तर उद्यापासून घरी बसवतील तुला.”

उत्तराचं बालपण टिटवाळ्याला, कीर्तनाच्या पहिल्या रांगेत गेलेलं. ती म्हणाली, “मंडप घातला, सतरंजी अंथरली, आणि बुवाच आले नाहीत, तर कीर्तन झालं म्हणायचं का, सर?”

फोन कट झाला.

पायरीवर नंदामावशी केरसुणी घेऊन बसल्या होत्या. नर्सबाईंनी जाताना किल्ली त्यांच्याकडे ठेवली होती. तेव्हापासून रोज सकाळी कुलूप काढायचं, झाडायचं, खाटेवरची चादर झटकायची. गेल्या वर्षी त्यांची सून कल्याणच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत झाली. बाळ राहिलं नाही. आता तिला पुन्हा सातवा लागला होता.

“मावशी, रागवू नका. तुम्ही इतकं स्वच्छ ठेवता ना, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, उपकेंद्र चालू आहे. मग नवी नर्स कोण पाठवणार?”

मावशींचा हात थांबला. “म्हंजे माज्याच झाडूनं नर्स अडवली?”

मावशी उठल्या, पदर खोचला.

“झाडनार. उद्याबी झाडनार. बाळंतिणीची जागा हाय ती, उकिरडा नाय. पन माजं झाडनं सरकारच्या नावावर मांडू नको, बाय. आसंच लिव.”

उत्तराने लिहिलं. कर्मचारी: नाही. उपकेंद्र: बंद. शेरा: झाडलोट गावच्या नंदाबाई करतात, सरकार नव्हे.

तिने फॉर्मचा फोटो काढून पाठवला. पाठोपाठ केदार सरांचा फोन वाजू लागला. तिने तो वाजू दिला.

आत मावशी रिकाम्या खाटेवरची चादर ताणून बसवत होत्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून.