काजरीदींच्या पायाखालचा खोका

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे, आंब्याच्या फळ्यांचा, जेमतेम वीतभर उंच. कोलकात्यात टॉलीगंजच्या एका स्टुडिओत हरिपद मिस्त्रींनी मला काजरी लाहिरीसाठी बनवलं. एकोणीस वर्षांची ही नवी नटी नायकाच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"दिदिमणी, बिनधास्त उभ्या राहा. डुगडुगला तर माझा कान धरा," मिस्त्री म्हणाले.

मी डुगडुगलो नाही. सतरा वर्षं ती माझ्यावर उभी राहून हसली, रडली, नवरी झाली. प्रेमाचे संवाद म्हणताना तिच्या पायाची बोटं माझी कड घट्ट धरून असत. हे फक्त मला ठाऊक. पडद्यावर मी कधीच दिसलो नाही. पण जोडी शोभून दिसते असं कुणी म्हटलं की मला बरं वाटे.

पुढे सगळे तिला काजरीदी म्हणू लागले आणि आईच्या भूमिका देऊ लागले. त्या नाकारून काजरीदींनी स्वतः गोष्ट लिहिली, दिग्दर्शन करायचं ठरवलं. चार निर्मात्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. पाचवा तयार झाला, पण पहिल्या दिवसाचं काम आवडलं नाही तर दिग्दर्शक बदलेन, असं बजावून.

त्या दिवशी नवी नायिका तुषी आली. तीही ठेंगणीच. कॅमेरामन निवारणबाबूंनी हाक दिली, "काजरीदींचा खोका आणा रे."

मला आणलं. मला कॅमेऱ्यामागे ओढून काजरीदी स्वतःच माझ्यावर चढल्या, कॅमेऱ्याला डोळा लावून तुषीकडे बघत राहिल्या.

"कॅमेरा खाली घ्या."

"मग नायकाचं डोकं कापलं जाईल."

"त्याला खुर्ची द्या."

"नायक बसून प्रेम करणार? लोक हसतील, काजरीदी. त्यात निर्माते बघतायत."

"बघू द्या. खोक्यावर उभं राहिलं की अर्धा जीव पायांत असतो, निवारणबाबू. मला तुषी सगळी हवी आहे."

कॅमेरा खाली आला, नायक खुर्चीत बसला. तुषी जमिनीवर उभी राहून बोलली. दृश्य संपलं तरी निवारणबाबू कॅमेऱ्यावरचा डोळा काढायला विसरले. निर्माते उठून निघून गेले. दुसऱ्या दिवशीही दिग्दर्शक काजरीदीच होत्या.

नंतर त्यांनी सहा चित्रपट केले. माझी गरज उरली नाही. आता गोदामात माझ्यावर रंगाचे डबे असतात, एक फळी ओलीने फुगली आहे. वाईट वाटतं, खोटं का बोलू? मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून ऊन दाखवत जा. आणि कुणी ठेंगणं भेटलं, तर त्याच्यासाठी खोका शोधू नका. आपणच जरा खाली बसा.