ताफा थांबणार नव्हता

माझे बाबा ट्रक दुरुस्त करत. इंजिन नुसतं ऐकून दुखणं कुठे आहे ते सांगायचे. पण गाडी तयार झाली की चालवून बघायला किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायचे. सैन्यात असताना परमुलखात तीन वर्षं त्यांनी ट्रक चालवला होता. परत आल्यावर स्टिअरिंगला शिवले नाहीत. गॅरेजमधले त्यांना 'काठावरचा पोहणारा' म्हणत. बाबाही हसत.

त्यांची सत्तरी उलटली तेव्हा ग्रंथालयातून एक बाई आल्या. जुन्या सैनिकांच्या आठवणी त्या रेकॉर्ड करत होत्या. बाबांनी आधी सगळं गमतीचं सांगितलं. बोटीवर आठ दिवस पोटात पाणी ठरलं नाही, थंडीत डिझेल गोठायचं, टाकीखाली जाळ करताना बुलबुलच्या मिशा जळल्या. बुलबुल म्हणजे त्यांचा जिवलग. सदा शीळ घालायचा म्हणून हे नाव. ताफ्यात बाबांच्या पुढचा ट्रक त्याचा असायचा.

मग बाईंनी भिंतीवरचं पदक कशाबद्दल मिळालं ते विचारलं. मी कप उचलून आत निघाले, तर बाबा म्हणाले, "बस. तूही ऐक."

अकरा ट्रक दारूगोळा घेऊन घाटातून चालले होते. एका अंगाला सरळ कडा, दुसऱ्या अंगाला दरी. हुकूम होता की काही झालं तरी थांबायचं नाही. एक थांबला की मागचे सगळे आयते निशाण्यावर. वळणावर बुलबुलच्या ट्रकला तोफगोळा लागला आणि ट्रक दरीत गेला. बुलबुल मात्र दारातून बाहेर फेकला गेला होता, रस्त्याच्या मधोमध. पाय कामातून गेलेले, पण जिवंत. कोपरावर रेलून त्यानं एक हात वर केला. बाबांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. ब्रेक दाबला नाही.

"चाकाखाली काय आलं ते हातांना कळतं," बाबा म्हणाले. "स्टिअरिंग सांगतं."

दारूगोळा वेळेवर पोचला, पदक त्याबद्दलच. घरी परतल्यावर ते बुलबुलच्या आईला भेटून आले होते. तोफगोळ्यानं जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही, असं तिला सांगितलं होतं.

हा भाग पुसायचा का, असं बाईंनी हळूच विचारलं. बाबा नको म्हणाले. पण लोकांनी ऐकण्याआधी बुलबुलच्या घरी कळायला हवं. त्याची आई वारली होती, धाकटा भाऊ होता. पुढच्या आठवड्यात बाबांना घेऊन मी बसनं तिकडे गेले.

भाऊ शिंपी होता. आम्हाला बघून त्यानं मशीन थांबवलं, खुर्च्यांवरचे कपडे उचलले, पाणी दिलं. बाबांनी काही न गाळता सांगितलं. तो गळ्यातली टेप हातात घेऊन गुंडाळत, उलगडत ऐकत राहिला.

"हात वर केला, तो थांब म्हणून की जा म्हणून?" त्यानं विचारलं.

"ते मला आजवर कळलेलं नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"थांब म्हणून," बाबा म्हणाले.

शिंप्यानं टेप मशीनवर ठेवली. मग म्हणाला, "तुमच्या त्या एका वाक्यावर आईनं बावीस वर्षं काढली. मीही तेच धरून होतो. आता तुमच्या छातीवरचा धोंडा उतरला असेल. मी तो कुठे ठेवू?"

बाबांनी हात जोडले. शिंपी दारापर्यंत आला, पायरी तुटलीय, जपून उतरा म्हणाला, आणि आत गेला. मशीनचा आवाज मात्र आला नाही.

परतीच्या बसमध्ये बाबांनी मला विचारलं, "सांगायला नको होतं का गं?"

मी त्यांचा हात हातात घेतला. त्या घराशी आमचा पुन्हा संबंध आला नाही. महिन्याभरानं ग्रंथालयातून कळलं की शिंपी तिथे येऊन रेकॉर्डिंग ऐकून गेला होता. दोनदा ऐकलं म्हणे. पुसा म्हणाला नाही.