पहारेकरी झोपवलेले घर

सकाळी साडेदहा वाजता त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी एका सुताराच्या नडगीवरची गाठ कापून काढली. बोराएवढी होती, दुखत नव्हती. तिचा तुकडा प्रयोगशाळेत गेला. मी त्या सुताराच्या ओटीपोटात, उजवीकडे, नेहमीप्रमाणे काम करत राहिले.

मित्रांनो, मी एक जुने मूत्रपिंड आहे. तुम्ही मला किडनी म्हणता. सुताराच्या पोटातली ही माझी दुसरी नोकरी. पहिली झाली ताईच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या पोटात. धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा तिने मला त्याला देऊन टाकले. त्या दिवशी मी बर्फात गारठून पडले होते. मला नव्या रक्तवाहिन्यांना जोडले, चिमटे सोडले आणि परक्या रक्ताने मी गुलाबी झाले. थोड्या वेळात लघवीचा पहिला थेंब ओघळला. लघवी पाहून मोठी माणसे डोळे पुसतात, हे मला तेव्हा कळले.

ताई भावाला बजावायची, "माझी लेक तुझ्याकडे नांदायला दिलीय. छळलंस तर माहेरी घेऊन जाईन."

पण परक्या घरी नांदणे सोपे नसते. शरीरात पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. मी त्यांच्या ओळखीचे नाही. त्यांनी माझा फडशाच पाडला असता. म्हणून सुतार रोज गोळ्या घेऊन त्यांना पेंगवतो. माझ्या एकट्यासाठी अख्खे शरीर आपले दार अर्धे उघडे ठेवते. याचे मला अजून नवल वाटते.

त्याच दारातून बुरशी आली. गुडघे टेकून रंधा मारताना जुन्या फळीची कपची नडगीत घुसली. सुतार सर्दी-खोकल्याला जपायचा, पण लाकडाला सुतार कधी भितो का? गाठ आली, तर त्याने घरातले खाजेचे स्टेरॉइडचे मलम चोळले. त्या मलमाने तिथले उरलेसुरले पहारेकरीही झोपले. शेवटी ताईची नजर पडली आणि तिने त्याला धरूनच दवाखान्यात आणले.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र दाखवले. तपकिरी धागे, बांबूसारखी पेरे, फांद्यांना फांद्या. ही बुरशी मेलेल्या लाकडावर जगते, त्याची माती करते. तिचे कुणाशी वैर नाही. तिला फक्त राखण नसलेले शेत सापडले. मला भीती वाटली, तरी ते विणकाम सुंदर होते.

मग त्या म्हणाल्या, की नुसती गाठ काढून भागणार नाही. बुरशी आत पसरू शकते. तिच्यावरच्या गोळ्या द्याव्या लागतील आणि पेंगवणाऱ्या गोळ्या कमी करून पहारेकऱ्यांना थोडे जागे करावे लागेल. जागे झाले, की ते किडनीवरही धावू शकतात.

सुताराने पट्टी बांधलेला पाय पुढे केला. मग म्हणाला, "हवं तर पाय घ्या. ताईनं दिलंय तेवढं राहू द्या."

"अरे वेड्या," ताई म्हणाली, "तुला वाचवायला किडनी दिली मी. किडनी वाचवायला तू नाहीस."

हे माझ्याबद्दल होते आणि मी तिथेच होते. मला राग आला नाही. इतके मोठे बोलणे मी आजवर ऐकले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरात असे दुसऱ्याचे दान सांभाळणारे कुणी असेल, तर त्याच्या कातडीवरची न दुखणारी गाठही डॉक्टरांना दाखवा. मनाने मलम चोळू नका, मनाने गोळ्या थांबवू नका.

आता जखम कोरडी आहे. आज सकाळच्या रक्ततपासणीत माझे काम किंचित मंदावलेले दिसले. नव्या औषधामुळे की पहारेकऱ्यांमुळे, ते कळलेले नाही. डॉक्टरीणबाईंनी उद्या पुन्हा रक्त द्यायला बोलावले आहे.