पोइयू कधी वाढवत नाही

३८ युरो ४० सेंट

आउवो ऑक्टोबरात धक्क्यावर बोट ओढून घेताना छाती धरून बसला आणि उठलाच नाही. त्या दिवशी पोकरच्या साइटवर त्याच्या नावानं एवढे पैसे शिल्लक होते.

आउवो माझा धाकटा भाऊ. एकतीस वर्षं त्यानं साइमा तळ्यात पोइयू बसवले, म्हणजे बोटींना वाट दाखवणाऱ्या पाण्यावरच्या तरंगत्या खुणा. बर्फ वितळला की बसवायच्या, गोठायला लागलं की काही उचलायच्या. खेळातही त्यानं नाव तेच घेतलं होतं. पोइयू.

बाकी सामानाची वाटणी एका दुपारीच झाली. बोट आणि बर्फाला भोक पाडायचं गिरमिट ताउनोला गेलं, तो त्याचा कामावरचा जोडीदार. लॅपटॉप माझ्याकडे आला. पासवर्ड त्यातच साठवलेला होता. बँकेनं त्याचं खातं मात्र बंद केलं होतं, त्यामुळे खेळात नवे पैसे घालता येत नव्हते. होते तेवढेच. ते संपले की त्या हिरव्या टेबलाभोवतीच्या खुर्चीवर पोइयू हे नाव दिसणार नाही.

तो गेला हे साइटच्या कंपनीला कळवायला हवं होतं. नाही कळवलं. त्याचं खरं नाव चर्चच्या आवारात थडग्याच्या दगडावर आहे, पण दगडाला कोणी ‘हुओमेन्ता’ म्हणत नाही. टेबलावर म्हणतात, रोज सकाळी नऊ वाजता. शुभ सकाळ. चौघं जण म्हणतात.

३६ युरो ९० सेंट

प्रत्येक खेळाडूच्या नावाशेजारी एक पिवळी चिठ्ठी असते. ती फक्त आपल्याला दिसते. समोरचा कसा खेळतो, कधी थापा मारतो, ते लोक त्यात लिहून ठेवतात. आउवोच्या चिठ्ठ्या अशा होत्या:

*पेत्तेरी७७: बायको सोडून गेली. सकाळी चिडका असतो. मनावर घेऊ नये.*

*आम्मे: कुओपिओकडची असावी. नवं कुत्रं आणलंय, नाव अजून ठरत नाही.*

*रोवास्ती: पाद्री नाही, नुसतं नाव. मुलगी नॉर्वेत.*

*कोर्प्पू: गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दहा वाजता कॉफी. वाढवतो तेव्हा त्याच्याकडे खरंच काहीतरी असतं.*

पत्त्यांबद्दल एवढं एकच वाक्य, तेही शेवटी.

मी त्याच्यापासून चार किलोमीटरवर राहते. दर रविवारी सौना, म्हणजे लाकडी खोलीत वाफ घेत बसणं, भाजलेलं सॉसेज, हवामान. माझ्याबद्दल त्यानं कुठेच काही लिहून ठेवलेलं नव्हतं. मी सगळं शोधलं.

३१ युरो ०५ सेंट

मी त्याच्यासारखी खेळत होते. ते अवघड नव्हतं. हातात काहीही येवो, समोरचा मागेल तेवढे पैसे भरायचे आणि खेळात राहायचं. आपण होऊन कधी वाढवायचे नाहीत.

एकदा सौनात मी विचारलं होतं, “मग तू जिंकतोस कधी?”

“जिंकायला कोण बसलंय? पुढचं पान बघायचं असतं.”

“आणि पान बघून काय करतोस?”

“बघतो,” म्हणाला, आणि तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं.

टेबल दोन सेंटचं. रोज पंचवीसेक सेंट जायचे. मी मांडून बघितलं. एप्रिलपर्यंत पुरतील, बर्फ वितळेपर्यंत.

२४ युरो ६० सेंट

गुरुवार. म्हणजे वाटाण्याचं सूप आणि ओव्हनमधला पॅनकेक. ताउनो एरवी कधी येत नाही, गुरुवारी येतो. त्या दिवशी लॅपटॉप उघडाच राहिला होता.

“हे काय चाललंय, इर्या? पैसे वाटत सुटलीयस की काय? दोन सेंटचं टेबल आहे ते, चर्चची दानपेटी नव्हे.”

मग त्यानं खुर्चीवरचं नाव वाचलं. चमचा सूपमध्येच राहिला.

“हे कायद्यात बसतं का?”

“नाही बसत.”

“हं.” त्यानं चमचा बाहेर काढून पुसला. “जॅम आहे का अजून?”

मी बरणी पुढे सरकवली. पॅनकेक अर्धा संपल्यावर तो बोलायला लागला. त्याला बोलायला पॅनकेक लागतो.

“हे बघ. बरे पत्ते आले की वाढव. वाईट आले की टाक. नुसतं भरत राहायचं म्हणजे समोरच्याला पोसायचं. आणि सगळे मुकाट बसले असतील ना, तर हातात काही नसतानाही वाढव. घाबरतात लोक. पळतात.”

“आणि पुढचं पान?”

“कसलं पुढचं पान! लोक पळाले की पान बघायचंय कशाला? पैसे तुझेच.”

“आउवोला कधी सांगितलं नाहीस हे?”

“अकरा वर्षं सांगितलं त्या गाढवाला. म्हणायचा, एका होडीत एकच वाढवणारा पुरे.”

मी म्हटलं, “मी वाढवलं तर तो आउवो राहणार नाही, ताउनो.”

“आणि नाही वाढवलंस तर एप्रिलनंतर त्या खुर्चीवर कोणीच राहणार नाही. ठरव बाई तूच.” त्यानं शेवटचा तुकडा उचलला. “मीठ कमी पडलंय आज.”

२४ युरो ७१ सेंट

पहिल्यांदा वाढवलं तेव्हा माझ्याकडे किल्वरचा एक्का आणि किल्वरचीच राणी होती. दोन सेंटचे आठ केले. बटण दाबायच्या आधी आकडा दोनदा वाचला. आठ सेंटसाठी.

चौघांनीही पत्ते टाकले. लगेच. एकानंही विचार केला नाही.

आम्मेनं लिहिलं, “अगं बाई! पोइयू!”

रोवास्तीनं लिहिलं, “तारीख लिहून ठेवा.”

सगळे हसले असतील आपापल्या घरी. मीही हसले. मग कळलं ते का पळाले. अकरा वर्षांत ज्यानं कधी वाढवलं नाही त्यानं वाढवलं, म्हणजे त्याच्याकडे दोन एक्के असणारच. आउवोनं जमवलेला तो विश्वास होता, आणि मी तो आठ-आठ सेंटांनी मोडून खात होते.

३५ युरो २० सेंट

जमतं. कोणालाही जमेल. दुसऱ्या दिवशी बारा वेळा वाढवलं. आठवड्याभरानं कोण कशाला घाबरतं ते कळायला लागलं. पेत्तेरी चिडला की पत्ते टाकतो. रोवास्ती नेहमीच टाकतो. आम्मे एकदा भरते, दुसऱ्यांदा नाही. मी आउवोच्या चिठ्ठ्यांच्या खाली हे लिहीत गेले. ‘नवं कुत्रं आणलंय, नाव अजून ठरत नाही. दुसऱ्यांदा दाबलं की पळते.’

पेत्तेरीनं विचारलं, “काय झालंय तुला?”

मी परत वाढवलं.

तो जानेवारीत टेबल सोडून गेला. रोवास्ती त्याच्यामागोमाग. आम्मे फेब्रुवारीपर्यंत होती, मग एका सोमवारी नव्हती. कुत्र्याचं नाव काय ठेवलं ते राहिलंच.

३९ युरो

हुओमेन्ता, मी लिहिते.

हुओमेन्ता, पोइयू. एकटा कोर्प्पू लिहितो.

४२ युरो ०६ सेंट

आउवो, मला तुझ्यासारखं बसता येत नाही. तू बसायचास तेव्हा टेबल भरलेलं असायचं. मी दीड महिन्यात तुझे पैसे वाढवले आणि तुझी माणसं… पुढचा शब्द मला लिहवत नाही.

४२ युरो ०६ सेंट, त्याच दिवशी, पावणेदहा

टेबलावर दोघंच. कोर्प्पू आणि मी.

मला चौकट सत्ती आणि किल्वर दुर्री आली. याहून वाईट पत्ते नसतात, ताउनोनं पाठ करून घेतलं होतं. मी वाढवलं. कोर्प्पूनं भरले.

मधोमध दोघांसाठी सामाईक तीन पानं उघडली. इस्पिक राजा, बदाम नव्वी, चौकट तिर्री. माझ्या हाताशी काहीच जुळत नव्हतं. मी वाढवलं. त्यानं भरले.

चौथं पान, किल्वर पंजी. माझ्यापुढे होते तेवढे सगळे पैसे मी आत ढकलले.

पत्ते टाकायला त्याला कधी एवढा वेळ लागत नाही. पडद्यावर उरलेला वेळ दाखवणारी पट्टी कमी कमी होत गेली. अगदी शेवटी त्यानं पत्ते टाकले. आणि ते उघडे केले. तसं करायची गरज नसते.

बदाम राजा. किल्वर राजा.

मधला धरून तीन राजे. त्या घडीला टेबलावर याहून मोठं काही असूच शकत नव्हतं, आणि हे त्याला माझ्याहून चांगलं कळत होतं.

मग त्यानं लिहिलं, “पोइयू कधी वाढवत नाही.”

मी हात मांडीवर घेतले.

“तू कोण?”

मी लिहिलं, “बहीण.”

“कधी?”

“ऑक्टोबर. बोट काढताना.”

मग, “वाटलंच होतं. तीन आठवडे तो आला नाही. मग आला, पण दहा वाजता उठला नाही.”

मी लिहिलं, “दहाला तुम्ही उठता. त्यानं तसं लिहून ठेवलंय.”

“आम्ही दोघंही उठायचो. तो त्याच्या स्वयंपाकघरात, मी माझ्या. दहा मिनिटं. परत आलो की किती कप झाले ते सांगायचो. अकरा वर्षं.”

आणि मी नोव्हेंबरपासून रोज दहा वाजता, तो उठला की, रिकामी झालेली खुर्ची बघत बसून राहिले होते.

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“नाव दिसत होतं.”

“आणि राजे का टाकलेत?”

“पोइयूनं एवढं वाढवलं असतं तर मी टाकले असतेच. एकदा त्याच्यासाठी टाकले.”

मला सांगावंसं वाटलं. “माझ्याकडे सत्ती-दुर्री होती.”

“असणारच.”

मग त्यानं लिहिलं, तुमच्या दुःखात सहभागी आहे, आणि खाली ‘आउलिस’. खरं नाव असावं. दहाला पाच मिनिटं कमी असताना त्याचं नाव खुर्चीवरून गेलं.

४४ युरो १० सेंट

एकट्याला पत्ते वाटत नाहीत. ‘दुसऱ्या खेळाडूची प्रतीक्षा आहे’ असं येतं आणि तीन ठिपके पुढे-मागे होत राहतात.

ताउनो गुरुवारी आला. “किती झाले?”

“चव्वेचाळीस.”

“बघ! सांगत नव्हतो? आता दहा वर्षं मरण नाही त्या नावाला.”

“समोर बसायला कोणी नाही, ताउनो.”

“मग दुसऱ्या टेबलावर जा की. हजार टेबलं आहेत.”

“तिथं पोइयूला कोण ओळखतं?”

तो पॅनकेककडे बघत राहिला. मग म्हणाला, “मी ओळखतो,” आणि जॅमची बरणी स्वतःच पुढे ओढली. पण ताउनो हिवाळ्यात सकाळी नऊ वाजता सॉमिलवर, लाकडाच्या गिरणीत, असतो.

४४ युरो १० सेंट

चिठ्ठ्यांमधलं माझं सगळं खोडलं. कोण कशाला घाबरतं ते सगळं. कोर्प्पूच्या चिठ्ठीत ‘दहा वाजता कॉफी’ होतं, त्याच्यापुढे एक शब्द घातला. ‘दोघांची.’

४४ युरो १० सेंट

४४ युरो १० सेंट

४३ युरो ९४ सेंट

आज कोणीतरी आलं. नावाच्या जागी नुसते आकडे, चिठ्ठी कोरी. मी हुओमेन्ता लिहिलं. उत्तर नाही. त्यानं पहिल्याच डावात वाढवलं, दुसऱ्यातही. चांगला शिकलेला होता. मी भरत गेले. त्याच्यासारख्यासमोर हे पैसे उन्हाळ्यापर्यंतही पुरणार नाहीत, आणि पुरायला हवेत असं आता वाटत नव्हतं.

दहा वाजता मी ‘थोडा वेळ बाहेर’चं बटण दाबलं. खुर्चीवर पोइयू करडा झाला. स्वयंपाकघरात गेले, कॉफी केली, ओट्याशी उभं राहून प्यायले. तळ्यावर बर्फ अजून धरून होता, पण काठाशी काळा पडला होता. मेच्या सुरुवातीला आउवोच्या जागी लावलेली नवी माणसं पोइयू घेऊन निघतील.

परत येऊन लिहिलं, “दोन कप.”

मग त्या आकड्यांनी लिहिलं, “?”

आणि वाढवलं. दोन सेंटचे पंधरा.

माझ्याकडे बदाम नव्वी आणि इस्पिक चौकी होती. ताउनो असता तर ओरडला असता. मी पैसे भरले. पुढचं पान बघायचं होतं.