ज्वारीचा चौक

मीठ

पान वाढताना मीठ पहिलं. म्हणून दुर्गाबाईंचं ते वाक्यही पहिलं वाढायला हवं.

गोष्ट गोदाच्या लग्नातली. नांदगाव खंडेश्वराच्या अलीकडच्या गावात मनकर्णाच्या एकुलत्या लेकीचं लग्न लागलं. वऱ्हाड अकोल्याकडचं. विहिणींच्या पंगतीसाठी मनकर्णानं शेजारच्या मैनाबाईची चांदीची ताटं मागून आणली होती. वरमाय दुर्गाबाई पाटावर बसल्या, समोरच्या ताटाच्या काठावरचा पोचा त्यांनी बोटानं चाचपला, आणि साऱ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "या ताटानं मले मागच्या साली बी याच गावात जेवू घातलं होतं. जुनी वळख हाय आमची."

बाया हसल्या. मनकर्णाही हसली, नाहीतर करते काय. पण ते मीठ दीड वर्ष तिच्या जिभेवर राहिलं.

डावी बाजू: लिंबू आणि ठेचा

दिवाळीला आठ दिवस असताना अकोल्याकडून निरोप आला. गोदाला सहावा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण दुर्गाबाईंनी कळवलं की पाडव्याला, जावयाच्या मानाच्या जेवणाला, त्या स्वतः येतील. घर बघतील. मनाला आलं तर सुनेला ठेवून जातील, नाहीतर त्याच गाडीतून परत नेतील.

त्या सालांत कापसानं माणसं वेडी केली होती. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेचे व्यापारी वऱ्हाडातल्या बोंडांवर येऊन पडले. ज्याच्या त्याच्या घरी चांदी आली, छताला दिवे लावायच्या काचेच्या हंड्या टांगल्या गेल्या. लोकांनी बांधापासून बांधापर्यंत कापूस पेरला. मनकर्णाचा नवरा नत्थुजी यानं मात्र अर्ध्या वावरात ज्वारीच ठेवली. गाव त्याला हसलं. त्याच्या घरी हंडी आली नाही.

निरोप आला त्याच दिवशी दुपारी मैनाबाई आली. "ताटं घेऊन जा वो बाई. सोनाराकडून पोचा काढून आणला. आता तिचा बाप बी वळखणार नाई. हंड्या बी ने."

"राहू दे, मैनाबाई," मनकर्णा म्हणाली. "या बारीनं तिची वळख माह्या घराशी होऊ दे."

उजवी बाजू: भाज्या. इथं पान जरा जास्त भरतं

"गोदीची माय," नत्थुजीनं विचारलं, "घरात हाय काय मांडाले?"

"हाय ते मांडते. नाई ते पाहाले त्यांचं घर हाय."

तिनं लाकडी पेटी उघडली. वर पोळ्याच्या झुली होत्या: लाल कापडाच्या, कवड्या आणि आरशांचे तुकडे टाचलेल्या. आईनं शिवलेली एक, तिनं स्वतः शिवलेल्या तीन. रिठ्याच्या पाण्यातून काढून, वाळवून तिनं त्या माजघराच्या भिंतीवर लावल्या. दिवसाचा उजेड दारातून आला की आरशांचे कवडसे समोरच्या भिंतीवर हलू लागत.

नत्थुजी बघतच राहिला. "इनबाईले बैलाच्या झुलीखाली बसवतं काय?"

"बैलापरीस मोठा मान कोणाले देल्ला आपण आजवर?"

मग त्यानंच बैलांच्या घुंगरमाळा आणून दाराला तोरणासारख्या बांधल्या, आणि एक जरा वाकडी आहे म्हणून पुन्हा सोडून बांधली.

तांब्याच्या घागरी चिंचेनं घासल्या, कोपऱ्यात उतरंड रचली. पळसाच्या पानांच्या पत्रावळी शिवल्या. भुई सारवली. आता त्या सारवलेल्या भुईवर रेघ ओढायची, तर रांगोळीचा दगड गावात कुणाकडे नव्हता. तो दळणारी बाईसुद्धा कापूस वेचायला जात होती.

मनकर्णा कंबरेवर हात ठेवून भुईकडे पाहत उभी राहिली. मग अंगणात गेली.

"पेव उघडा."

पेव म्हणजे अंगणाखालचं धान्याचं भुयार. नत्थुजीचा चेहरा उतरला. "पेव उघडलं का साऱ्या गावाले वास जाते. उद्या जवारी मागाले दारात लोक उभे राहतीन."

"राहू द्या. भरलेलं पेव हाय, चोरीचा माल थोडीच हाय?"

तोंडावरची माती काढली, फळ्या सरकवल्या. कोंडलेली गरम वाफ वर आली. दिवसभर पेव तसंच उघडं ठेवलं. मग आतली हवा पाहायला दोरीनं दिवा खाली सोडला. विझला नाही, तेव्हा नत्थुजी उतरला आणि टोपली भरून वर दिली.

पाडव्याच्या सकाळी मनकर्णानं प्रत्येक पत्रावळीभोवती ज्वारीचा चौक भरला. चिमटीनं नव्हे, मुठीनं. बोटभर जाडीचा, पांढराशुभ्र. आत तुरीच्या डाळीची पिवळी रेघ. कोपऱ्यांवर वाळल्या लाल मिरच्या. आणि पानाच्या वरच्या अंगाला, जिथं लोक फूल ठेवतात, तिथं एकेक फुटलेलं बोंड.

गावात काही नवीन विकत आणलं नव्हतं असं घर त्या दिवशी हे एकच होतं.

मधोमध

गाडी दहाच्या सुमारास आली. आधी जावई चंद्रभान उतरला, मग गोदा, सावकाश, मग दुर्गाबाई. आत येताच त्यांनी भिंत पाहिली.

"या झुली बैलाच्या ना?"

"व्हय, इनबाई. पोळ्याले बैल घालतात, बाकी साल पेटीत राहतात."

"आमच्याकडं हंड्या हायेत. काचेच्या."

"गोदीनं सांगितलं. दिवसा काय करतात त्या?"

चंद्रभानाला ठसका लागला. गोदानं त्याच्या हातात पाण्याचा लोटा दिला आणि मान खाली घातली.

पंगत बसली. पुरणपोळ्या आल्या, वडे आले, कढी आली. दुर्गाबाईंनी बोंड उचलून बाजूला ठेवलं. कापूस त्यांनी भरपूर पाहिला होता. मग त्यांची नजर चौकावर थांबली. त्यांनी चार दाणे उचलले, तळव्यावर चोळले, एक दाढेखाली घेतला. दाणा कडक होता, कडकन फुटला.

"कुठून आणली?"

"पेवातली हाय. मागच्या सालची."

"इकत?"

"इकत काहून? घरची."

दुर्गाबाईंच्या घरी सारं वावर कापसाखाली गेलं होतं, आणि ज्वारी दूरच्या बाजारातून गाडीनं यायची: खडे असलेली, किडकी, जुनाट वासाची. चांदीच्या ताटात तीच भाकर पडायची. मनकर्णाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिनं चौक भरला नसता. कुणाला टोचायला म्हणून अन्न मांडू नये, एवढं तिला कळत होतं.

"जेवणं झाल्यावर या चौकाचं काय करता?"

"अर्धा पाखरांले. अर्धा पाखडून दळणात."

"पाखरांले," दुर्गाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी पुरणपोळी पानाच्या कडेला सरकवली. "इनबाई, एक भाकर टाकता काय? याच जवारीची."

सणाच्या पंगतीत भाकर कुणी मागत नाही. चंद्रभानानं आईकडे पाहिलं, नत्थुजीनं मनकर्णाकडे. मनकर्णा चुलीकडे वळली. पीठ घरात होतंच. काठवटीत भाकर थापल्याचा आवाज येत राहिला, आणि पंगत त्या आवाजासाठी थांबली. भाकर आली, टम्म फुगलेली. दुर्गाबाईंनी ती हातानं दाबली, वाफ निघाली, नुसत्या ठेच्याशी सगळी खाल्ली. दुसरीही.

"पुरण राहिलं," मनकर्णा म्हणाली.

"पुरण घरी बी भेटते."

ओटी

निघायच्या वेळी गाडी जुंपली गेली. गोदाची पेटी अजून ओसरीवर होती. गाडीत ठेवायची की माजघरात न्यायची, कुणी सांगितलं नव्हतं. गोदा तिच्याशेजारी उभी होती.

मनकर्णानं विहिणीची ओटी भरायला सूप आणलं. सुपात गहू होते. मानाच्या बाईला गहू किंवा तांदूळ, असाच शिरस्ता. दुर्गाबाईंनी पदर पसरला, पण डोळे माजघरातल्या ज्वारीच्या चौकांकडे होते. मनकर्णानं सूप खाली ठेवलं. आत जाऊन टोपली घेऊन आली.

पाच ओंजळी ज्वारी, वर नारळ. पाचवी पडली तरी दुर्गाबाईंनी पदर आवळला नाही. मनकर्णानं सहावी घातली. सातवी घातली. मग टोपलीच अलगद पदरात उपडी केली.

"बस," दुर्गाबाई म्हणाल्या. पदराला गाठ मारायला त्यांना दोन्ही हात लागले. गाडीत चढताना त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं. "पेटी आत नेऊन ठेव न वो. इथं काहून ठेवली?"

गोदानं पेटी उचलायला हात घातला, तेवढ्यात नत्थुजीनं ती खांद्यावर घेतली सुद्धा.

"इनबाई," दुर्गाबाई गाडीतून म्हणाल्या, "बारशाले येईन. त्या झुली तवा बी तिथंच पाहिजेत."

"राहतीन," मनकर्णा म्हणाली. "पोळा येईपावतर बैलांले त्यांचं काम नाई."