एका बटणात दोनशे जण

उस्तादांच्या वर्कशॉपचं शटर अर्धंच वर होतं. ती वाकून आत शिरली ती भांडायच्या तयारीनेच.

"तुम्हाला माहीत होतं!" तिने हत्यारांची बॅग टेबलावर आपटली. "लिफ्टच्या त्या नव्या कार्डात खोट आहे हे माहीत असून मूग गिळून बसलात. माझ्या भावाची तीन बोटं गेली, उस्ताद!"

कालचीच गोष्ट. धाकटा लिफ्टच्या टपावर चढला होता. दुरुस्तीचं बटण दाबलेलं, म्हणजे लिफ्ट जागची हलता कामा नये. वीज गेली, परत आली, आणि नवं कंट्रोल कार्ड ते बटण साफ विसरलं. पाचव्या मजल्यावरून कोणीतरी बोलावलं आणि लिफ्ट निघाली. आज सकाळी कार्ड विकणारा सहज बोलून गेला, "उस्तादांच्या लोकांना हे दीड महिन्यापासून ठाऊक आहे की." तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

या दोघा भावंडांना काम शिकवलं ते उस्तादांनीच. पूर्वी सगळे लिफ्ट मेकॅनिक इंटरनेटवर एकाच वेबसाइटवर जमायचे. तिथल्या मालकाने जाहिरातींचा उच्छाद मांडला, तेव्हा या लोकांनी आपापले सर्व्हर उभे केले. सगळे एकमेकांना जोडलेले, इथे लिहिलं की तिथे दिसायचं. आता आपल्यावर कोणी मालक नाही, म्हणून केवढा टेंभा मिरवला! पुढे जो तो मालक झाला. तीसुद्धा.

उस्तादांनी चष्मा लावला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. दीड महिन्यापूर्वी लिहिलेलं होतं, 'मेन स्विच बंद केल्याशिवाय या कार्डाच्या लिफ्टवर चढू नका.' तिचं नाव घालून तीनदा पाठवलेलं. तिन्ही वेळा खाली तीच तांबडी ओळ, तिच्या सर्व्हरने नाकारलं.

"फोन तरी करायचा!"

"केला होता. 'तुमचं एक अक्षर ऐकायचं नाही' म्हणून तूच आपटलास. मग माझंही टाळकं सरकलं. म्हटलं, मरा." उस्तादांनी मान खाली घातली. "तेवढं माझं चुकलं."

चार महिन्यांपूर्वी उस्तादांनी सगळ्यांदेखत धाकट्याची टर उडवली होती, "हा वायर बांधतो की बुटाची नाडी?" धाकटा स्वतः पोट धरून हसला. झोंबलं ते हिला. एका म्हाताऱ्याचं तोंड बंद करायला तिने त्याचा अख्खा सर्व्हर आपल्या सर्व्हरपासून तोडला, त्यावरच्या दोनशे माणसांसकट. एक बटण दाबलं की झालं. तेव्हा काय गार वाटलं होतं!

ती तडक हॉस्पिटलमध्ये गेली आणि सगळं सांगून टाकलं. धाकटा बँडेजकडे बघत ऐकत होता.

"चुकलं रे माझं," ती रडायला लागली.

"आपल्या सर्व्हरवर किती जण आहेत, ताई?"

"नव्वद."

"त्यांना सांगितलंस?"

तिने सांगितलं नव्हतं. आधी भांडायला धावली होती, मग माफी मागायला.

"अगं दुपार झाली!" त्याने डाव्या हाताने पाण्याचा पेला भिरकावला. "तिकडे लोक टपावर चढत असतील, आणि तू इथे नाक पुसत बसलीयेस? लिही आधी!"

तिने लिहिलं. कार्ड, वीज, मेन स्विच, धाकट्याची बोटं, आणि ही सूचना उस्तादांनी पाठवली होती, आपण अडवली, हेसुद्धा. दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं, 'उस्तादांच्या गोटातली थाप दिसते. ताईचं अकाउंट कोणीतरी हॅक केलंय. विश्वास ठेवू नका.' बघता बघता तेवीस जणांनी त्याला अंगठा दिला.

धाकट्याने ते वाचलं. "चांगलं शिकवलंस त्यांना," तो म्हणाला. "आता एकेकाला फोन लाव. नव्वदच्या नव्वद."

ती लावत सुटली. पहिल्याने बाईचा आवाज कोणीही काढेल म्हणत ठेवून दिला. दुसऱ्याने शिवी हासडली. तिसऱ्याकडे याच कार्डाच्या चार लिफ्ट होत्या. त्याचा फोन नुसता वाजत होता.

"उचल की रे!" ती ओरडली, आणि पुन्हा लावला.