लाल नाडा

चैत्रगौर बसली की मी दुपारचा नैवेद्य होईपर्यंत बोलत नाही. तलावावर पाखरांच्या पायांत नोंदीची कडी घालून त्यांना सोडून देणाऱ्या आमच्या मंडळींना हे ठाऊक आहे. जाळ्यातून पाखरू सोडवायला माझा हात हलका, म्हणून मला बोलावतात. सोडवलेलं पाखरू कापडी पिशवीत घालून कडं घालणाऱ्याकडे द्यायचं, आणि चावरं असेल तर आधी सांगायचं. मी बोलत नाही, म्हणून अशा पिशवीला पूजेतला लाल नाडा बांधते. ही युक्ती अच्युतचीच.

अच्युत पुण्याहून इथं नोकरीला आलेला; आमच्यात कडं घालणारा तोच. माझ्या शमिकाशी त्याचा साखरपुडा झाला होता. दिवाळीनंतर इथल्याच तुकोगंजातलं मोठं स्थळ सांगून आलं आणि त्यानं लग्न मोडलं. मी विचारायला गेले, तर म्हणाला, "काकू, तुम्ही यात बोलू नका." मित्रांच्या ग्रुपवर मात्र लिहिलं, 'शमिकाचा पोपट झाला.' ते तिनं वाचलं. तेव्हापासून पोरगी तलावावर येत नाही, धड जेवतही नाही.

मी रोज देवापुढे एकच मागत होते. बरं नव्हतं ते, पण मागत होते.

त्या सकाळी अच्युतचे होणारे सासरे, अप्पासाहेब, मुलीला घेऊन कौतुक बघायला आले होते. जाळ्यात पोपट अडकला. चांगला दांडगा. मी त्याला जपून पिशवीत घातलं आणि नाडा माझ्याच मनगटाला गुंडाळला.

"बघा अप्पासाहेब, धरायची एक पद्धत असते," म्हणत अच्युतनं पिशवीत हात घातला.

ओरडला नाही, कण्हला. पोपट त्याच्या बोटाला लटकूनच बाहेर आला, मग सुटून समोरच्या झाडावर जाऊन बसला. पाखराला कुठं लागलं नाही, ते मी आधी पाहिलं. अच्युतच्या अंगठीच्या बोटाभोवती रक्ताचं कडं उमटलं होतं.

आमच्यातला विजय शांतपणे इथल्या हिंदीत म्हणाला, "भिया, अंगूठी तो तोते ने पहना दी."

अप्पासाहेबांची मुलगी हसली. तिला हसू आवरेना.

अच्युतचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. "काकू... नाडा?"

मी हात जोडले.

दुपारी गौरीला आंब्याची डाळ, पन्हं दाखवलं. मौन सुटलं. शमिकाचं पान वाढत होते, तोच अच्युतचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"टाके पडलेत, काकू. आत काय होतं, खुणेनं तरी सांगायचं."

"पोपट होता, अच्युतराव."

शमिकानं माझ्याकडे पाहिलं. मग वाटी पुढं केली.

"आई, डाळ वाढ आणखी."